एक तर काळं, नाही तर कागद

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. उत्तर नागपुरात आमच्या घराच्या खालच्या खोलीत बाबांची जुनी ऑफसेट मशीन होती, अजून आहे, आणि वरच्या खोलीत आम्ही राहायचो. मशीन सुरू झाली की वर मांडणीतली भांडी थरथरायची. 'प्रचंड संख्येने' हे मी वाचलेले पहिले जोडाक्षरांचे शब्द. शाळेच्या पुस्तकात कमळ आणि बदक होतं, आमच्या घरात मोर्चा होता. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर आमचं टेबल लागायचं तेव्हा मी त्या टेबलाखाली गठ्ठ्यांवर डोकं ठेवून झोपायचे. अंगात येणं म्हणजे काय, करणी म्हणजे काय, भुताचे पाय उलटे असल्याचा फायदा नेमका कोणाला होतो, हे सगळं मला चार-चार पानांत, पिवळ्या कागदावर, पाठ होतं. त्यामुळे पुढचं लिहायला मला तीन वर्षं लागली.

आधी बाबांचा फोटोबद्दलचा नियम सांगायला हवा. पत्रकाचा कागद स्वस्त असतो, तो शाई पितो. फोटोतला करडा भाग त्यावर उतरत नाही, नुसता चिखल होतो. म्हणून फोटो आला की बाबा आधी त्यातला करडा मारायचे. हलका करडा पांढऱ्यात ढकलायचा, गडद करडा काळ्यात. उरतं ते दहा हात लांबून दिसतं.

"एक तर काळं, नाही तर कागद," ते म्हणायचे. "मधात काही नाही ठेवायचं. मधातलं कोणी वाचत नाही."

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मध्यप्रदेशच्या हद्दीजवळच्या एका गावातून तीन माणसं आमच्याकडे आली. गावामागचा डोंगर गिट्टीच्या खदानीला द्यायचं ठरत होतं. सुरुंग लागले की विहिरी आटतील, धुळीनं कापसाची पऱ्हाटी मरेल, असं ते सांगत होते आणि ते खरं होतं. महिनाभरात सुनावणी होती. त्याआधी त्यांना पत्रक हवं होतं. बाबांनी ते काम माझ्याकडे दिलं. मजकूर माझा, मांडणी माझी. मी खूश झाले.

"डोंगरावर कोणी राहते का?" मी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "नाही जी. कोणीच नाही राहत." मग थोडं थांबून, "जासान तर दुपारच्या आत उतरून येजा मात्र."

"काहून?"

"ऊन लागते," तो म्हणाला. बाकीचे दोघे मशीनकडे पाहत बसले.

मला फोटो हवा होता. डोंगर ओसाड, भकास दिसायला हवा होता. आधीच एवढं मेलेलं, त्यावर आणखी सुरुंग, असं पाहणाऱ्याला वाटायला हवं होतं. आमच्या गल्लीत एक काका राहतात. पस्तीस वर्षं त्यांनी लग्नाचे फोटो काढले, मोबाइल आल्यावर स्टुडिओ बंद केला. पण त्यांच्या फ्रिजमध्ये मेथीच्या जुडीशेजारी काळ्या-पांढऱ्या फिल्मचे रोल अजून असतात आणि त्यावरून ते काकूंची अजून बोलणी खातात. मी मोबाइलनं फोटो काढते म्हटल्यावर ते हसले.

"मोबाइलनं काय होईन, वं? डोंगर हिरवा, आभाळ निळं. लोक म्हणतीन, चला पिकनिकले. तुले माणूस भेवला पाहिजे ना? मग रंग काढून टाक. रंग गेला की माणूस भेते."

आम्ही त्यांच्या मोटरसायकलवर गेलो. पायथ्याशी एक झरा होता, उन्हाळ्यामुळे बोटभर धार उरलेली. तिथे गाडी लावली, काकांनी हेल्मेट हँडलला अडकवलं आणि आम्ही चढायला लागलो. सकाळचे दहा वाजले असतील.

डोंगर उंच नव्हता. सातपुडा मोडून पडताना शेवटी एक तुकडा बाजूला राहून गेला असावा, तसा. काळे दगड, वाळलेलं गवत, आणि अध्येमध्ये कुलूची झाडं. उन्हाळ्यात या झाडाला पान नसतं आणि खोड हाडासारखं पांढरं असतं. लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. त्यावरही आमचं एक पत्रक होतं.

चढताना पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती आवाजाची. पाखरू नव्हतं. वारा होता, पण गवतच हलायचं, ऐकू काही येत नव्हतं. आमच्या पायाखालचा दगड वाजला की समोरच्या कड्यावरून तोच आवाज परत यायचा, पण एक पाऊल उशिरा. मी थांबले तरी एक पाऊल वाजायचं. प्रतिध्वनी आहे हे मला माहीत होतं. मी तीनदा थांबून पाहिलं, हेही खरं.

काका मजेत होते. "अशी मुकाट नवरी पस्तीस वर्षांत नाही भेटली," म्हणत ते कड्याचे फोटो काढत होते. मग वरच्या सपाटीवर आम्हाला एक मोहाचं झाड लागलं. सगळीकडे गवत गुडघाभर, आणि त्या झाडाखाली घरातल्या ओसरीएवढी जागा झाडून स्वच्छ केलेली. काडी नाही, पान नाही. मातीवर खराट्याच्या रेघा होत्या. त्या रेघांवर फुलं पडली होती, पिवळसर, ओलसर. पायाचा ठसा मात्र एकही नव्हता.

मोहाखाली जमीन कशासाठी झाडतात हे विदर्भात कोणाला सांगावं लागत नाही. पहाटे फुलं पडतात, ती मातीतून वेचावी लागू नयेत म्हणून. म्हणजे झाडणारं कोणी तरी होतं. एवढा सरळ हिशेब. पण तीन माणसांनी सांगितलं होतं, कोणी नाही राहत. आणि त्या उन्हात, त्या शांततेत मला तो हिशेब करावासा वाटला नाही. मी म्हटलं, "वाऱ्यानं झालं असंन." काकांनी माझ्याकडे पाहिलं, रेघांकडे पाहिलं आणि त्या जागेचा फोटो न काढता ते पुढे गेले.

त्यानंतर ते बोलले नाहीत. साडेबाराच्या सुमारास मी एका दगडावर पाणी पीत बसले होते तेव्हा त्यांनी माझा एक फोटो काढला आणि म्हणाले, "झालं. चल." उतरायला पाऊण तास लागला. गाडीपाशी आलो तर हेल्मेट हँडलला नव्हतं. ते सीटवर उलटं ठेवलेलं होतं, वाटीसारखं, आणि त्यात ओंजळभर मोहाची फुलं होती.

काकांनी ती झऱ्यात ओतली. हात तीनदा धुतले. महामार्गावरचं देवलापार येईपर्यंत त्यांनी गाडी कुठे थांबवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या न्हाणीघरात रोल धुतला. झरोक्याला काळं फडकं, दांडीवर लाल बल्ब, बादलीवर पाट आणि पाटावर ट्रे. सगळ्या फोटोंचा एकाच कागदावर प्रिंट त्यांनी काढला, बोटाच्या पेराएवढा एक फोटो, आणि भिंग लावून पाहायला लागले. मी वाट पाहत होते की आता नवरीवरून काही बोलतील. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

"पाचवा पाह्य. वरतं, डाव्या बाजूनं."

पाचव्या फोटोत कड्याच्या रेषेवर एक उभा ठिपका होता. नवव्यात तो ठिपका कड्याच्या खाली आला होता. चौदाव्यात दोन कुलूंच्या मध्ये. सतराव्यात त्याला डोकं आणि खांदे होते, बाविसाव्यात लुगडं. दगडाच्याच रंगाचं, गवताच्याच रंगाचं, करड्यात करडं. ते प्रत्येक फोटोत थोडं जवळ आलं होतं आणि प्रत्येक फोटोत आमच्याकडे पाहत होतं. एकतिसाव्या फोटोत मी दगडावर बसून पाणी पीत होते, मान वर, डोळे मिटलेले. माझ्या मागे पंधरा पावलांवर ते उभं होतं.

काका म्हणाले, "मी तुलेच पाहून राहिलो होतो, पोरी. शपथ सांगतो. तिथं कोणी नव्हतं."

मी म्हणाले, "दगड आहे."

"सहा ठिकाणी?"

"फिल्म जुनी आहे. डाग पडला असेल."

मी हे बोलले. ज्या मुलीला करणीवरची चार पानं पाठ होती तिनं, माणूस दिसत असताना, दगड म्हटलं. कारण माणूस आहे असं म्हटलं असतं तर वर जाऊन त्याला भेटावं लागलं असतं. भूत आहे असं म्हणणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. दगड सोयीचा होता.

मी पाचवा फोटो निवडला. काकांना सांगितलं, सगळ्यात कडक कागदावर काढा, ज्यावर नुसतं काळं-पांढरं उरतं, करडं सगळं मारा. त्यांनी काढला. कडा काळा झाला, आभाळ कोरं झालं. ठिपका काळ्यात गेला. फोटो जबरदस्त दिसत होता, ते नाकारत नाही. पिवळ्या कागदावर अर्ध्या पानात तो छापला आणि खाली मी लिहिलं: 'या डोंगरावर आता माणूस काय, पाखरूही उरलेलं नाही. आणखी किती ओसाड करणार?' बाबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "जमलं." त्यांच्या तोंडून हा शब्द मी आधी ऐकला नव्हता.

सुनावणी गावातल्या शाळेच्या पटांगणात झाली. मांडव, खुर्च्या, खदानवाल्या ठेकेदाराची माणसं पहिल्या रांगेत. सुनावणी घ्यायला आलेले साहेब सभ्य होते, थकलेले होते. त्यांनी पाहणीच्या अहवालातला एक रकाना वाचला: डोंगरावरील बाधित कुटुंबे, निरंक. रकाना निरंक असला की वर कोणाला विचारायचं नसतं, कोणाला हलवायचं नसतं. खालच्या विहिरींचं काय ते पुढे पाहता येतं. गावकरी ओरडायला लागले. तेव्हा ठेकेदाराचा एक माणूस उठला आणि त्यानं खिशातून माझं पत्रक काढलं.

"साहेब, हे आमचं नाही, यांचंच हाय," म्हणून त्यानं मोठ्यानं वाचलं. "माणूस काय, पाखरूही उरलेलं नाही. फोटो पण देला हाय. झकास हाय फोटो."

मांडवात काही लोक हसले. आणि त्या हसण्यातच मला दिसलं की मागच्या बाजूची माणसं सरकत आहेत. धक्काबुक्की नाही, आवाज नाही. पाण्यात तेल पडल्यावर पाणी बाजूला होतं तशी ती बाजूला झाली. मधल्या मोकळ्या जागेत एक बाई उभी होती. दगडाच्या रंगाचं लुगडं. पन्नाशीची असेल. मी तिला ओळखलं. तिचं तोंड मी पहिल्यांदाच पाहत होते, पण उभं राहणं ओळखीचं होतं.

तिच्या हातातही पत्रक होतं. तिनं ते उलटं धरलं होतं.

"हा फोटो माया घरचा हाय," ती म्हणाली. "मी काहून नाही यात?"

साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही डोंगरावर राहता?"

"सात वर्सं झाले."

"गावातलं कोणी सांगेल का, ह्या वर राहतात म्हणून?"

शंभर-सव्वाशे माणसं होती. आमच्याकडे आलेले तिघेही होते. म्हातारा चपलेतल्या बोटाकडे पाहत होता. पुढे मला कळलं ते असं. तिचा नवरा तापानं गेला, मग वर्षाच्या आत दिराची दोन गुरं मेली, आणि गावानं ठरवलं की तिची नजर वाईट आहे. ती वर गेली. गावात तिचं नाव कोणी घेत नाही. घेतलं तर ती ऐकते, असं म्हणतात. म्हणून 'वर कोणी राहतं का' या प्रश्नाला सात वर्षं एकच उत्तर होतं. खदानीला विरोध करणारी माणसं तीच होती. विहिरी त्यांच्याच आटणार होत्या. माझ्या पत्रकात ती सगळी माणसं कागदासारखी पांढरी, निर्दोष होती.

साहेब वहीकडे वळले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं असतं तर संपलं असतं.

मी उठले. "पत्रक मी लिहिलंय. ते खोटं आहे."

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "आता का झालं, म्याडम?"

"ह्या वर राहतात. फोटोत होत्या. मला दिसल्या होत्या, मीच त्यांना काढून टाकलं."

"पुरावा?" साहेबांनी विचारलं.

"सहा फोटो आहेत."

"आठ दिवसांत आणा," ते म्हणाले आणि त्यांनी रकान्यावर पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं. मी ते लांबून पाहिलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते मशीन पुसत होते.

"दुरुस्ती आपण कधी छापली नाही," ते म्हणाले. "एकदा चुकलं म्हटलं की पुढचं पत्रक कोणी हातात घेत नाही."

"मग?"

"तुले दिसली होती का नव्हती, एवढं सांग."

"दिसली होती."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. कपाटामागून लग्नपत्रिकांचा उरलेला आर्ट पेपर काढला, जाड, चकचकीत, ज्यावर करडं जसंच्या तसं उतरतं. "तसं छाप मग," म्हणाले. "मधातलं सगळं राहू दे."

दुरुस्तीसाठी आणि साहेबांसाठी काकांनी सहाही फोटो मऊ, करडं राखणाऱ्या कागदावर मोठे केले. त्यात डोंगर अजिबात भयाण दिसत नव्हता. गवताचं पातं न् पातं, दगडावरचं शेवाळ, एका कुलूच्या बुंध्याशी टेकवलेला खराटा. आणि ती. ते घेऊन मी एकटी वर गेले, कारण काका म्हणाले, "मले गुडघ्याचं हाय," आणि त्यांना गुडघ्याचं काही नाही.

तिचं घर मोहापासून शंभर पावलांवर, दगडाच्या कपारीला कुडाची भिंत लावून केलेलं. त्या दिवशी आम्ही त्याच्या समोरून दोनदा गेलो होतो. तिनं काळा चहा दिला.

मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी तुम्ही आमच्या मागे मागे का फिरत होतात? हाक का नाही मारली?"

"मी कायले मांगं फिरू, वं? तुम्हीच माया आंगणात फिरून राहिले होते." मग हसली. "मोजणीवाले वाटले. मोजणीवाले मले पाहून पयतात. तुम्ही नाही पयाले. म्हणून तुमच्या टोपीत मोह ठेवला."

फोटो तिनं एकेक करून पाहिले. हात लुगड्याला पुसून, कडेनं धरून. पाचवा: "हे मी." नववा: "मी." चौदावा, सतरावा, बाविसावा. एकतिसावा तिनं उजेडाकडे धरला.

"हे मी नाही."

"लुगडं तेच आहे की. पाणी पिऊन मग आम्ही उतरलो, तेव्हाचा आहे हा."

"असंन. पण मी तवा खाली होती. झऱ्यावर. तू म्हणते ना, पाणी पिऊन मंग उतरले? तुम्ही उतरले तवा मी टोपीत मोह ठेवून पलीकडल्या वाटेनं वर येऊन राहिली होती. मंग मी तुह्या मांगं कशी राहीन?"

मी मनात वेळा लावून पाहिल्या. फोटो काढला आणि आम्ही लगेच निघालो. पाऊण तास. त्या पाऊण तासात पंधरा पावलांवरून कोणी आमच्या आधी खाली जाऊन, फुलं ठेवून, नाहीसं होऊ शकतं का? वाट माहीत असेल तर कदाचित. धावत. पन्नाशीत. मी तसं म्हटलं.

"मी कायले धावू?" ती म्हणाली.

"मग हे कोण?"

तिनं फोटो माझ्या हातात परत दिला आणि चुलीतलं लाकूड आत सरकवलं. "असंन कोणी. डोंगर का माया एकटीचा हाय?"

समोरच्या कड्यावर कुठेतरी एक दगड घरंगळला. आम्ही दोघी तर बसलेल्या होतो.

खाली उतरताना मी एक गोष्ट ठरवू शकले असते. पाच फोटो पुरेसे होते. पाचात ती होती, ती ते शपथेवर सांगणार होती. सहावा दिला तर ठेकेदाराची माणसं म्हणणार, बाईच म्हणते ही मी नाही, मग बाकीचं तरी खरं कशावरून? तो फोटो बॅगेच्या तळाशी राहिला असता तर कोणाला कळलं नसतं. पहिल्या वेळी मी नेमकं हेच केलं होतं.

साहेबांच्या कार्यालयात मी सहाही टेबलावर ठेवले. ती माझ्या शेजारी उभी होती. खुर्ची देऊनही बसली नाही. साहेबांनी प्रत्येक फोटोवर तिला विचारलं, तिनं सांगितलं, त्यांनी मागे तिच्या अंगठ्याचा ठसा घेतला. पाच झाले. सहाव्यावर ती म्हणाली, "हे मी नाही." ठेकेदाराचा माणूस खुर्चीत पुढे सरकला.

साहेबांनी चष्मा वर केला, फोटो खिडकीकडे नेला. "मग हे कोण आहे?" त्यांनी मला विचारलं.

आमच्या घरात कुठल्याही प्रश्नाला उत्तर तयार असायचं, चार पानांत.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"दगड असेल," तो माणूस म्हणाला.

"असू शकतो," मी म्हणाले. "पण मी तसं लिहून देणार नाही."

साहेब खिडकीपासून टेबलाशी आले. मग त्यांनी तो फोटोही बाकीच्यांखाली ठेवला, टाचणी लावली आणि वही ओढली. निरंक खोडलं. तिला नाव विचारलं. तिनं सांगितलं, हळू आवाजात. सात वर्षांत ते कोणी मोठ्यानं विचारलं नसावं. त्यांनी लिहिलं: बाधित कुटुंबे, एक. पेन उचललं, आणि त्या सहाव्या फोटोकडे पुन्हा एकदा पाहून, एकच्या पुढे थोडी जागा सोडून सही केली.